हिरा कुठल्या देशातला, हे बिलावर येऊ द्या

माननीय केंद्रीय ग्राहक व्यवहार मंत्री यांस,
सप्रेम नमस्कार.

मी रत्नागिरीजवळ राहते. आमची हापूसची कलमं आहेत. मुलीच्या लग्नासाठी गेल्या महिन्यात पाटल्या आणि हिऱ्याच्या कुड्या घ्यायला सराफाकडे गेलो. पाटल्यांवर हॉलमार्क आणि सहा अक्षर-अंकांचा एचयूआयडी, म्हणजे त्या दागिन्याचा स्वतःचा ओळख क्रमांक, होता. लेकीने तो तिथेच सरकारच्या बीआयएस केअर अ‍ॅपवर तपासला. मग कुड्या हातात घेऊन तिने विचारलं, "हे हिरे कुठले?"

"सुरतचे," सराफ म्हणाले.

सुरतेत हिऱ्यांना पैलू पाडतात. जगातल्या बहुतेक हिऱ्यांना तिथेच पाडतात. पण सुरतेच्या जमिनीत हिरा सापडत नाही. आपल्या देशातली खाण मध्य प्रदेशात पन्न्याला, तिथला माल थोडा. बाकी कच्चा हिरा परदेशातून येतो. आम्ही पुन्हा विचारल्यावर सराफांनी प्रयोगशाळेचं सर्टिफिकेट पुढे केलं. कॅरट, रंग, शुद्धता, कट, सगळं त्यावर होतं. देशाचं नाव नव्हतं.

संघर्षाला पैसा पुरवणारे हिरे बाजारात येऊ नयेत म्हणून अनेक देशांनी मिळून केलेली प्रमाणपत्रांची व्यवस्था, किंबर्ली प्रोसेस, २००३ पासून लागू आहे. भारत सुरुवातीपासून तिच्यात आहे, २०१९ मध्ये अध्यक्षही होता. पण ती फक्त कच्च्या हिऱ्यापुरती. सीलबंद पेटी सरकारी प्रमाणपत्रासह देशात येते, फुटते, माल वाटला जातो, पैलू पडतात, आणि ते प्रमाणपत्र गिऱ्हाइकापर्यंत पोचत नाही. शिवाय बंडखोर ज्या हिऱ्यांच्या पैशावर सरकारविरुद्ध लढतात, तेवढेच 'संघर्षाचे हिरे' अशी तिची व्याख्या आहे. २००८ साली झिंबाब्वेतल्या मारांगेच्या हिरेक्षेत्रात लष्करानेच हिरे खणणाऱ्यांवर गोळ्या झाडल्या. दोनशेहून अधिक माणसं मारली गेली, असं ह्यूमन राइट्स वॉच या मानवी हक्क संघटनेने नोंदवलं आहे. या व्याख्येत ती माणसं कुठेच बसत नाहीत. हे वाचल्यापासून मला त्या कुड्या लेकीच्या कानात बघवेनात.

आमच्या आंब्याच्या पेटीवर गावाचं नाव असतं. कर्नाटकातला आंबा रत्नागिरी-देवगडच्या नावाने खपवला जातो, त्याचा फटका आम्ही दर मोसमात सोसतो. २०१८ मध्ये हापूसला भौगोलिक मानांकन मिळालं, तेव्हा वाडीत पेढे वाटले होते. चारशे-पाचशे रुपयांच्या डझनाचं गाव सांगायचं, आणि लाखाच्या कुड्यांचा देश विचारला तर सराफालाही ठाऊक नाही?

हॉलमार्कची सक्ती तुमच्याच खात्याने २०२१ पासून टप्प्याटप्प्याने केली. तेव्हाही अवघड आहे म्हणणारे होतेच; आज आमच्या गावातल्या बायकाही एचयूआयडी विचारतात. तसंच हिऱ्याचं करा. खाणीतला की प्रयोगशाळेत बनवलेला, हे बिलावर ठळक मराठीत असावं. खाणीतला असेल तर देशाचं नाव असावं. घाऊक व्यापारी एकमेकांना बिलावर हमी लिहून देतात की हिरा संघर्षाशी संबंधित नाही. ती हमी शेवटच्या गिऱ्हाइकाच्या बिलावरही यावी. लहान खड्यांचा माल मिसळलेला असतो, तिथे देश सांगणं कठीण, हे मान्य. मग "देश माहीत नाही" असं तरी लिहून द्या. घ्यायचं की नाही, ते आम्ही ठरवू.

कुड्या अजून घेतलेल्या नाहीत. लग्न मार्गशीर्षात आहे.

आपली,
एक आंबा बागायतदार, रत्नागिरी