नकाशात पूल, नदीत बंधारा

महोदय,

दिवाळी झाली, गुऱ्हाळं पेटली, की कोल्हापुरातून पंचगंगेच्या काठाकाठानं नरसोबाच्या वाडीला एकटेच सायकलवर निघालेले लोक भेटू लागतात. अवश्य निघावं. वळिवडे, चिंचवाड, वसगडे, पट्टणकोडोली, इंगळी आणि पुढे शिरढोण, तेरवाड, कुरुंदवाड अशा वाटेनं वाडी सुमारे ५० किलोमीटर पडते, चढ जवळपास नाही आणि हमरस्त्याचा गोंगाट बराचसा टळतो. पण हल्ली वाट मोबाइलवर ठरते, आणि मोबाइलच्या नकाशात बंधारा पुलासारखाच दिसतो. हे पत्र त्यासाठी.

शिंगणापूर, राजाराम, सुर्वे, रुई, इचलकरंजी, तेरवाड, शिरोळ ही नावं पावसाळ्यात ‘पाण्याखाली गेलेले बंधारे’ म्हणून रोज पेपरात येतात. कोल्हापूर पद्धतीचा बंधारा म्हणजे नदीत उभे केलेले खांब, पावसाळा सरल्यावर पाणी अडवायला त्यांच्या खाचांत बसवायचे बरगे, म्हणजे आडव्या फळ्या, आणि वरून अरुंद वाट. पूर या वाटेवरूनच जाणार हे धरून ती बांधलेली असते. त्यामुळे बऱ्याच ठिकाणी कठडा नसतो, असला तर मोडलेला असतो. पूर ओसरल्यावर वर बोटभर गाळ उरतो. दुपारी त्याची धूळ होते, पण पहाटे दव पडलं की तोच साबणासारखा निसरडा होतो. मागे दोन्ही बाजूंना पिशव्या लावलेल्या सायकलचं हँडल आडव्या वाऱ्यात भरकटतं, म्हणून बंधाऱ्यावर उतरून मधोमध चालत जावं. बरगे बसवण्याचं काम चालू असेल तर थांबावं किंवा दुसरी वाट धरावी.

पाणी वरून वाहत असेल, मग ते वीतभर का असेना, परत फिरावं. गढूळ पाण्यात वाटेची कड दिसत नाही, आतले खड्डे कळत नाहीत, आणि पिशव्या व चाकांवर प्रवाहाचा रेटा बसला की सायकल माणसालाही ओढते. राजाराम बंधाऱ्यापाशी ३९ फुटांना इशारा पातळी आणि ४३ फुटांना धोका पातळी मोजतात. ‘अजून इशारा पातळी कुठं आलीय’ असं म्हणून निघणारे इथंच फसतात, कारण बंधारे त्याच्या कितीतरी आधी बुडालेले असतात. जून ते सप्टेंबर मोठ्या पुलांनीच नदी ओलांडायची, एवढं पक्कं धरावं.

गळीत हंगाम सुरू झाला की दुसरी काळजी उसाच्या वाहनांची. ट्रॅक्टरच्या मागे दोन ट्रॉल्या असतात आणि त्यातली मागची हेलकावे घेते. ट्रॅक्टर आणि पहिली ट्रॉली पुढे गेली म्हणून सायकलस्वार रस्त्यावर परत येतो, आणि मागच्या ट्रॉलीतून बाहेर आलेला ऊस खांद्याला लागतो. दोन्ही ट्रॉल्या पूर्ण जाईपर्यंत थांबावं. फडातून निघालेली चाकं काळी माती डांबरावर आणून टाकतात. ती ओली असली की चाक सटकतं, आणि ब्रेक व रिममध्ये बसली की चाक जाम होतं. अशा वेळी पाणी ओतून उपयोग नाही, माती आणखी चिकटते. एखाद्या काडीनं खरवडून काढावी. डिसेंबर-जानेवारीत नदीकाठी धुकं पडतं, त्यात मागचा लाल दिवा लावल्याशिवाय पहाटे निघू नये.

या पट्ट्यात सायकल थांबते ती बहुतेक पंक्चरमुळे. रस्त्याकडेच्या गवतात सराटे असतात, म्हणून विसाव्याला सायकल गवतात लोटू नये, डांबरावरच उभी करावी. बाभळीचा काटा टायरमध्ये शिरून बाहेरच्या अंगानं मोडतो. वरून काही दिसत नाही, टोक मात्र आत तसंच असतं. ट्यूब बदलून घाईनं हवा भरणाऱ्याचं चाक थोड्याच अंतरावर पुन्हा बसतं. टायरच्या आतून जुनं फडकं गोल फिरवावं. जिथं धागा अडकेल तिथं काटा, तो छोट्या पकडीनं उपसावा. ठिगळ लावताना ट्यूब घासपेपरनं खरखरीत करावी, सोल्युशन पातळ लावून त्याची ओली चमक जाईपर्यंत चार-पाच मिनिटं थांबावं, मगच ठिगळ दाबावं. ओल्यावर लावलेलं ठिगळ सुटणारच. सोल्युशनची नळी एकदा उघडली की आतून वाळते, म्हणून लांब जाताना नवी घ्यावी. दोन तयार ट्यूब जवळ असल्या तर ठिगळाचं काम झाडाखाली बसून निवांत करता येतं.

हवेचंही तसंच आहे. ३५ मिलिमीटरच्या टायरला सामानासकट मागे ६५ आणि पुढे ५५ पीएसआयच्या आसपास ठेवावी. त्याहून फार कमी असली तर डांबराच्या तुटक्या कडेवर ट्यूब रिममध्ये चिमटली जाते आणि शेजारीशेजारी दोन चिरा पडतात. गावातला पंक्चरवाला मोटरसायकलच्या वॉलला हवा भरतो, बारीक वॉलच्या ट्यूबला त्याची नळी बसत नाही. त्यासाठी छोटा पितळी अडॅप्टर पाकिटात असावा. सगळं वजन मागच्या चाकावर लादलं की चेनच्या बाजूचे स्पोक तुटतात, म्हणून जड सामान थोडं पुढेही घ्यावं आणि योग्य लांबीचे दोन स्पोक फ्रेमला चिकटपट्टीनं बांधून ठेवावेत.

सपाट रस्ता सोपा वाटतो, पण त्यावर पाय कधीच थांबत नाहीत आणि बैठकही बदलत नाही. हाताला मुंग्या येतात, बूड दुखतं. दर वीस मिनिटांनी अर्धा मिनिट पेडलवर उभं राहून चालवावं. हिवाळ्यात वारा बहुधा पूर्वेकडून, म्हणजे जाताना समोरून असतो. मार्चनंतर दुपारी तो पश्चिमेचा होतो आणि परतीच्या वाटेवर अंगावर येतो. उन्हाळ्यात म्हणूनच सकाळी दहाच्या आत वाडी गाठून ऊन कलल्यावर परतावं किंवा मुक्काम करावा. दोन-तीन लिटर पाणी जवळ ठेवावं, नदीचं पिऊ नये. गुऱ्हाळावर ताजा गूळ मिळतो, मूठभर शेंगांबरोबर तो वाटेत उत्तम. वाडीची बासुंदी मात्र मुक्काम असेल तरच. एकट्यानं जाताना कुठल्या बंधाऱ्यावरून नदी ओलांडणार आणि किती वाजता, हे घरी लिहून ठेवावं. ‘वाडीला जातोय’ एवढ्यावर शोध घेता येत नाही.

संबंधित खात्यांना आणि कारखान्यांना तीन विनंत्या आहेत. प्रत्येक बंधाऱ्याच्या दोन्ही तोंडांना, बंधाऱ्यावर पोचण्याआधीच्या फाट्यावर, वाट खुली की बंद हे सांगणारी पालटती पाटी लावावी. आज ते बंधाऱ्याच्या तोंडाशी गेल्यावरच कळतं आणि पाच-सहा किलोमीटर मागे फिरावं लागतं. पूर ओसरल्यावर गाळ खरवडायचं काम बरगे बसवण्याच्या कामातच धरावं. आणि गाळप सुरू होण्याआधी ट्रॅक्टरच्या दोन्ही ट्रॉल्यांना, मागे आणि बाजूलाही, रिफ्लेक्टर लावून घ्यावेत. बैलगाड्यांनाही ते हवेत, कारण धुक्यात त्या सगळ्यात उशिरा दिसतात.

आपले,
पंचगंगाकाठचे काही सायकलस्वार, कोल्हापूर