खिशातला चाकू घेताना

महोदय,

स्वसंरक्षणासाठी खिशात घडीचा चाकू बाळगा, असा सल्ला हल्ली सर्रास दिला जातो. झटापटीत घामेजल्या हाताने पाते उघडेपर्यंत समोरचा अंगावर आलेला असतो. त्यापेक्षा पळणे आणि ११२ लावणे बरे.

चाकू घ्यावा तो दोरी, खोकी, आंबा कापायला. पाते ६-७ सेंटिमीटर पुरे, जाडी दोन-अडीच मिलिमीटर. जाड पाते सफरचंद कापत नाही, फोडते. खरी परीक्षा लॉकची, म्हणजे उघडे पाते मिटू न देणाऱ्या खटक्याची. नुसत्या पाठीच्या स्प्रिंगवर उघडे राहणारे पाते टोकावर जोर पडला की मिटते आणि तर्जनीवर बसते. लॉक असेल तर मुठीच्या आतली पट्टी पात्याच्या बुडाला नीट टेकते का, हे दुकानातच बघावे: बोटे वाटेतून बाजूला ठेवून उघड्या पात्याची पाठ दाबावी, पट्टी सरकली तर चाकू परत ठेवावा. कोकणात कार्बन स्टील पावसाळ्यात गंजते, स्टेनलेसच बरे. सांध्यात अधूनमधून शिलाई मशीनच्या तेलाचा एक थेंब. खोबरेल नको, ते चिकट होऊन धूळ धरते.

शस्त्र नियम २०१६ मधली, विनापरवाना पात्याची ९ इंच लांबी आणि २ इंच रुंदीची मर्यादा बरेच जण तोंडपाठ सांगतात. पण महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम ३७ खाली शस्त्रे बाळगण्यावर मनाई आदेश निघाला, की छोटा चाकूही अंगलट येऊ शकतो. विमानात तो हातातल्या बॅगेत चालत नाही.

– एक वाचक, रत्नागिरी