बाबाकोतोच्या रानातून

अंदासिबे, मादागास्कर

ती. आई-बाबांस सा. नमस्कार.

मी मजेत आहे. आई, मलेरियाच्या गोळ्या वेळेवर घेते, आणि इथले लोक तिन्ही त्रिकाळ भात खातात, त्यामुळे जेवणाची काळजी नको. या बेटावर वाघ-बिबटे नाहीत, माणूस दगावेल असा सापही नाही. जळवा आहेत, पण त्या आंबोलीतही आहेतच ना?

एक गोष्ट मात्र नीट सांगायला हवी. इथे ‘फादी’ पाळतात. अमुक करायचं नाही म्हणजे नाही! कबरीकडे बोट ताणून दाखवायचं नाही, दाखवायचंच तर बोट आत मुडपून. का, तर पूर्वजांना चालत नाही. गावागणिक, घराण्यागणिक फादी वेगळी. इंद्रीला, म्हणजे इथल्या माकडासारख्या दिसणाऱ्या लेमूरला, मारणं हीसुद्धा फादीच. मधासाठी झाडावर चढलेला मुलगा माश्या चावून पडला, त्याला इंद्रीनं झेललं, अशी गोष्ट सांगतात. इंद्रीला इथे बाबाकोतो म्हणतात. काळापांढरा, साडेनऊ किलोपर्यंत भरणारा, शेपूट जेमतेम बोटभर. सकाळी अख्खं कुटुंब एका सुरात ओरडतं, दोन किलोमीटरवर ऐकू जातं. बाबा, 2021 साली संशोधकांनी त्या गाण्यात लय दाखवून दिली: दोन स्वरांमधली अंतरं कधी सारखी, कधी बरोबर दुप्पट. तुम्ही असता तर मांडीवर ठेकाच धरला असता.

पण पोट भरत नाही तिथे फादीही टिकत नाही. जंगल जाळून भात पेरतात, आपल्याकडच्या कुमरीसारखा. त्यांना दोष द्यायला माझी जीभ रेटत नाही. इंद्री पिंजऱ्यात जगत नाही, कुठल्याच प्राणिसंग्रहालयात जगलेला नाही. रान गेलं की तो गेला. गावातल्या वाटाड्यांनी काढलेली मित्सिंजो संस्था देशी झाडं लावते, त्यांच्या रोपवाटिकेत मीही हात लावते.

आता छोटीच्या लग्नाचं. इंद्रीची पिल्लं बहुतेक मे-जूनमध्येच होतात, आणि मादीला दोन-तीन वर्षांतून एकच. हा हंगाम सोडता येत नाही, आई. मी हळदीच्या आदल्या रात्री पोहोचते. केळवणं, खरेदी, सगळं तुझ्या एकटीवर पडणार, कळतंय मला. हॉलचे पैसे बाबांच्या खात्यावर पाठवलेत, दागिन्यांचे पुढच्या महिन्यात. कऱ्हाडच्या स्थळाला मात्र माझ्या वतीनं होकार देऊ नका, मी आल्यावर बोलू. छोटी फोन उचलत नाहीये. तिला म्हणावं, रागव, पण बोल.

आजीला नमस्कार.

तुमची,
मधू