काकू, या वेळी एकही बन फुटला नाही

आदरणीय काकू,

सादर नमस्कार.

काल खिमा-कोबीचे बारा बन केले. एकही फुटला नाही, एकाचाही तळ ओला नाही. समोर येऊन सांगितलं असतं तर "त्यात काय एवढं" म्हणत तुम्ही विषय बदलला असतात, म्हणून लिहितेय. आणि सगळ्यांना वाचता येईल असं लिहितेय, कारण याच ठिकाणी अडलेलं आणखीही कुणी असेल.

मला हे बन का हवे होते ते तुम्हाला ठाऊक आहे. पक्षाघातानंतर बाबांचा उजवा हात चालत नाही. डाव्या हातातल्या चमच्यातून सांडतं, आणि कुणी भरवलेलं त्यांना नको असतं. एका हातात मावेल आणि ज्यात सगळं जेवण आत बंद असेल, अशा बनवर माझी भिस्त होती. पण सलग तीन रविवार पारी फाटली. दुसऱ्याच घासाला शर्टावर ओघळ. बाबा काही बोलायचे नाहीत, उरलेला बन मुकाट्याने ताटात ठेवायचे. ते मला बघवत नव्हतं.

तुम्ही आलात आणि पिठाकडे वळण्याआधी कढई बघितलीत. माझ्या मते कोबी परतून झाला होता. तुम्ही उलथन्याने सारणाच्या मधोमध एक रेघ ओढलीत आणि म्हणालात, "आता बघ." बघता बघता त्या रेघेत पाणी जमलं. "कोबीत नव्वद टक्क्यांहून जास्त पाणी असतं. ते इथे उडालं नाही, तर बनमध्ये सुटेल." मग झाकण बाजूला ठेवून, आच वाढवून आपण परतत राहिलो. पाचेक मिनिटांनी पुन्हा रेघ, पुन्हा पाणी. पंधराएक मिनिटांनी ती कोरडी राहिली. अर्धा किलो कोबी तेवढ्याच खिम्यात पार मिसळून गेला होता आणि कोबीचा उग्र वास जाऊन खमंग वास सुटला होता. ती कोरडी रेघ मी आता कधी विसरणार नाही.

दुसरी गोष्ट धीराची. सारण परातीत पसरून पूर्ण गार होऊ द्यायचं. मी कोमट असतानाच भरायचे. त्या उबेने पिठातलं लोणी वितळतं, पारी चिकट होते आणि सांधा धरत नाही, हे तुम्ही सांगेपर्यंत मला माहीत नव्हतं.

पीठ मला आधीपासून जमत होतं: ५०० ग्रॅम मैदा, ७ ग्रॅम यीस्ट, २५० मिली कोमट दूध, ५० ग्रॅम लोणी, एक अंडं, मीठ, थोडी साखर. पारीत मात्र चूक होती. मी ती सगळीकडे सारखी लाटायचे. तुम्ही कडा पातळ आणि मध्य जाड ठेवायला शिकवलंत, कारण कडा शेवटी एकाच जागी गोळा होतात. आणि तुपकट बोट कडेला लागलं तर सांधा उघडतो, म्हणून दर बनला माझी बोटं कोरड्या फडक्याने स्वतः पुसलीत. बारा वेळा, काकू. सांधा खाली करून ठेवायचं, वीसेक मिनिटं फुगू द्यायचं, वरून अंडं लावून १९० अंशांवर वीस-बावीस मिनिटं.

बन फुगेपर्यंत तुम्ही त्यांची गोष्ट सांगितलीत. १७६३ मध्ये रशियाच्या दुसऱ्या कॅथरीनने बोलावल्यावर व्होल्गाकाठी जाऊन वसलेले जर्मन, १८७० नंतर त्यांच्यातल्या अनेकांनी गाठलेली अमेरिका, आणि कॅन्ससमध्ये बीरॉक तर नेब्रास्कात रन्झा म्हणून ओळखला जाणारा हा बन. शेतावर न्यायला सोपा, ताट-वाटी न लागणारा. बाबा बाहेरच्या खोलीतून ऐकत होते. "म्हणजे हातात धरूनच खायचा," ते म्हणाले. खूप दिवसांनी त्यांनी जेवणाच्या विषयात भाग घेतला होता.

काल त्यांनी डाव्या हाताने एक बन शेवटपर्यंत खाल्ला. शर्ट कोरडा. मी उठायच्या आत दुसरा स्वतःच उचलला.

एक मी खाल्ला, पाच फ्रीजरमध्ये आहेत, आणि चार फडक्यात गुंडाळून तुमच्याकडे पाठवतेय. त्यातला एक मधोमध कापून तळ बघा आणि मला सांगा. मनापासून आभार, काकू.

तुमची,
शेजारची लेक