तंजावरहून, आई-बाबांना

तीर्थरूप आई-बाबांना साष्टांग नमस्कार.

तंजावरला सुखरूप पोचले. खोली स्वच्छ आहे, जेवणाचे हाल नाहीत, तेव्हा आई, तू काळजी करू नकोस. पत्र लिहायला बसले ते एवढ्यासाठी की तुम्ही दोघांनी इथे यायचंच आहे, आणि बाबांचे गुडघे साथ देताहेत तोवर यायचं आहे.

बृहदीश्वराचं देऊळ तुम्ही फोटोत पाहिलंय. राजराज चोळाने १०१० साली ते पुरं केलं. पण बाबा, त्याच देवळाच्या भिंतीवर आपल्या मराठीत कोरलेला लेख आहे. इथले मराठी राजे सरफोजी, त्यांनी १८०३ साली भोसले घराण्याचा सारा इतिहास दगडावर उतरवून घेतला, ओळींमागून ओळी. मी वाचत वाचत पुढे सरकत होते आणि मध्येच एखाद्या जोडाक्षरावर अडत होते. तुम्ही जुन्या दस्तांत उभी हयात काढलीत, तुम्ही ते घडाघडा वाचाल. तुमच्या शेजारी उभं राहून ते ऐकायची मला फार इच्छा आहे.

गाव फिरायला सोपं आहे. राजवाड्याच्या चार बाजूंना चार राजरस्ते, पूर्व, पश्चिम, दक्षिण, उत्तर. चढ-उतार नाही, त्यामुळे आईलाही दम लागणार नाही. मी सकाळी ऊन चढायच्या आत निघते. दारोदारी बायका सडा घालून कोलम, म्हणजे इकडची रांगोळी, काढत असतात. पश्चिम रस्त्यावर बंगारू कामाक्षीचं देऊळ आहे, तिची सोन्याची मूर्ती कांचीहून आणलेली. कर्नाटक संगीतातले मोठे रचनाकार श्यामा शास्त्री इथलेच उपासक, त्यांनी तिच्यावर पदं रचली. पुढे कोपऱ्यावर मारुती. आई, शनिवारी गेलीस तर रांगेत उभं राहावं लागेल. एका रस्त्याला मनोजीअप्पांचं नाव आहे, ते इथल्या मराठी फौजेचे सरदार. पाटी तमिळमध्ये, नाव आपलं. बघून गलबलून आलं मला.

एका गल्लीत वीणा करणाऱ्यांचं घर लागलं. ओसरीवरच काम चाललेलं. फणसाचं लाकूड कोरून भोपळा करतात, एकाच ओंडक्यातून अख्खी वीणा काढली तर तिला एकांत वीणा म्हणतात. कारागीर मेणात कोळशाची पूड मिसळून तो काळा लेप दांडीवर थापत होता आणि त्यात पितळी पडदे एकेक करून बसवत होता. पडदा टेकवायचा, तार छेडायची, कान लावायचा, केसभर सरकवायचा. असे चोवीस पडदे. मी बराच वेळ बसून राहिले, कुणी उठ म्हणालं नाही.

सरस्वती महाल ग्रंथालयही पाहिलं. सरफोजीराजे काशीयात्रेला गेले तेव्हा तिथून पोथ्या घेऊन आले होते. मोडी कागदही खूप आहेत. बाबा, त्याला एक अख्खा दिवस ठेवू.

आई, आता तुझ्यासाठी. देवळाबाहेर एक आजी भेटल्या. मला फोनवर तुमच्याशी बोलताना ऐकून थांबल्या आणि मराठीत बोलू लागल्या. हेल तमिळ, काही शब्द कानाला अनोळखी, पण सगळं समजत होतं. घरी घेऊन गेल्या आणि डांगर पचडी वाढली: भाजलेल्या उडदाचं पीठ दह्यात कालवलेलं, वरून मोहरी-हिंगाची फोडणी. पापडाच्या दिवसांत तू ताकात डांगर कालवायचीस ना, अगदी तीच चव! शिवाजी महाराजांचे सावत्र भाऊ व्यंकोजीराजे, त्यांनी १६७६ च्या सुमारास इथे राज्य उभं केलं, १८५५ साली ते संपलं. त्या घरात मात्र सुनेला अजून मराठीतच हाक मारतात. मी तुमच्याबद्दल सांगितलं तर म्हणाल्या, त्यांना घेऊनच ये.

जानेवारीच्या शेवटी येऊया, पोंगलची गर्दी ओसरलेली असेल आणि ऊनही मवाळ असेल. त्रिचीपर्यंत विमानाने आलो तर पुढे तासा-दीड तासाचा रस्ता आहे. देवळात अनवाणी चालावं लागतं आणि दुपारी फरशी पोळते, म्हणून दर्शन सकाळीच उरकू. तेरा किलोमीटरवर कावेरीकाठी तिरुवैयारु आहे, तिथे कर्नाटक संगीतातले संतकवी त्यागराज यांची समाधी. ती आईच्या भजनी मंडळासाठी पाहायलाच हवी.

बाबा, गुडघ्यांचं डॉक्टरांना या आठवड्यातच विचारा आणि मला कळवा. तिकिटं मी काढते.

तुमची,
लाडकी लेक