आरोपांची धार का बोथट झाली?

महोदय,
निवडणूक प्रचारातील चिखलफेकीवरचा आपला अग्रलेख वाचला. मात्र अशा आरोपांना मतदार भुलतो, हे त्यातील गृहीतक निदान विदर्भाच्या खेड्यांत आता टिकत नाही. काल ज्याच्यावर घोटाळ्याचा आरोप झाला, तोच आज आरोपकर्त्याच्या व्यासपीठावर सत्कार स्वीकारताना लोकांनी इतक्यांदा पाहिला आहे की, मोबाइलवर आलेली नवी चित्रफीत पारावर कोणी शेवटपर्यंत पाहतही नाही. 2024च्या विधानसभा निवडणुकीच्या वेळी सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला 4,892 रुपये होता आणि बाजार समित्यांत माल सर्रास त्याहून कमी भावाने जात होता. प्रतिस्पर्ध्याचा (आणि त्याच्या सात पिढ्यांचा) उद्धार ऐकून ती तफावत भरून निघत नाही. हमीभावाचे खरेदी केंद्र कधी सुरू होणार आणि बारदाना (माल भरायची पोती) कधी येणार, हे उमेदवारांनी सभेत तारखेसह सांगावे.

— एक शेतकरी वाचक, दारव्हा (जि. यवतमाळ)