आधी गोळ्यांचं पाकीट दाखवा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

गेल्या आठवड्यात माझ्या शिवणकामाच्या दुकानात एक जुनं गिऱ्हाईक पॅन्टचं कापड घेऊन आलं. मी कमरेला टेप लावला तर ते म्हणाले, "मास्तर, दोन इंच कमीच धरा. महिनाभरात उतरणार आहे." आणि खिशातून त्यांनी घडी घातलेलं कात्रण काढलं. तुमच्याच पुरवणीतला अश्मयुगीन आहारावरचा लेख होता. धान्य बंद, डाळी बंद, दूध बंद, साखर बंद, सोमवारपासून सुरुवात. मी तो तिथंच उभ्याने वाचला. लेख मनापासून लिहिलेला आहे, काय खावं याची यादीही चांगली आहे. पण मी ज्या एका वाक्याची वाट पाहत होतो ते शेवटपर्यंत आलं नाही. म्हणून मीच विचारलं, "तुम्हाला कुठल्या गोळ्या चालू आहेत?" ते म्हणाले, "शुगरची एक असते सकाळी. का हो?"

त्या "का हो?"चं उत्तर तुमच्या लेखात असायला हवं होतं, म्हणून हे पत्र.

मी चौपन्न वर्षांचा आहे. तेहतीस वर्षं कापड कापतोय आणि अकरा वर्षं मला मधुमेह आहे. दोन वर्षांपूर्वी असाच एक लेख एका मासिकात वाचून मी एका सोमवारी भात, ब्रेड, बटाटा आणि साखर एकदम सोडली. गोळ्या मात्र होत्या तशाच घेत राहिलो. त्यातली एक ग्लिमेपिराइडची. चौथ्या दिवशी दुपारी कोटाचं कापड आखत होतो, तर खडूची रेघ वाकडी जायला लागली. आधी वाटलं चष्मा. मग हात थरथरतोय हे दिसलं, शर्ट पाठीला चिकटला, आणि समोरच्या मुलाचं नाव आठवेना. तो पाच वर्षं माझ्या हाताखाली काम शिकतोय. हातात मोठी कात्री होती. त्या पोराने ती काढून घेतली, मला खाली बसवलं आणि पाण्यात तीन-चार चमचे साखर ढवळून पाजली. माझं यंत्र टेबलाच्या खणात असायचं. रक्तातली साखर ५२ निघाली. पंधरा मिनिटांनी पुन्हा पाहिली तेव्हा ८१ होती. तेवढ्या वेळात दारात दोन माणसं माप द्यायला येऊन थांबली होती, आणि मी त्यांच्याकडे बघून नुसता मान हलवत होतो.

डॉक्टरांनी नंतर समजावलं तेव्हा कळलं की यात गूढ काहीच नव्हतं. ग्लिमेपिराइड, ग्लिक्लाझाइड या जातीच्या गोळ्या स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडायला लावतात. तुम्ही जेवलात की नाही, जेवलात तर काय जेवलात, हे त्या गोळीला कळत नाही. ताटातलं पीठ आणि साखर मी काढली, पण साखर खाली ओढणारी गोळी पूर्ण डोसात चालू ठेवली. मग दुसरं काय होणार? इन्सुलिनचं इंजेक्शन घेणाऱ्याला हाच धोका, किंबहुना जास्त. डॉक्टरांनी त्याच दिवशी माझी गोळी अर्धी केली आणि तिसऱ्या आठवड्यात बंद केली. मेटफॉर्मिन ही मधुमेहाची दुसरी गोळी चालू ठेवली, कारण ती एकटी असेल तर साखर सहसा अशी कोसळत नाही. दुसऱ्या महिन्यात मशीनवरून उठताना डोळ्यांपुढे अंधारी यायला लागली, तेव्हा रक्तदाबाचीही गोळी कमी झाली. ते मला रागावले नाहीत. फक्त म्हणाले, "सोमवारी सुरू करायचं होतं ना, मग शनिवारी यायचं."

आणखी एक गोळी आहे, तिच्याबद्दल तर लोकांना काहीच माहीत नसतं. जिच्या नावाच्या शेवटी 'ग्लिफ्लोझिन' येतं ती. ती लघवीवाटे साखर बाहेर टाकते. ही गोळी चालू असताना पिष्टमय पदार्थ फार कमी केले, तर काही माणसांच्या रक्तात आम्ल वाढत जातं, आणि यंत्रावर साखर मात्र जवळजवळ ठीक दिसते. म्हणजे ज्या आकड्यावर आपण विसंबतो तोच फसवतो. मळमळ, उलट्या, पोटात दुखणं, धाप लागणं अशी लक्षणं दिसली तर आकडा न बघता तडक दवाखाना गाठायचा असतो. मी शिंपी आहे, डॉक्टर नाही. पण माझ्या डॉक्टरांनी पहिला प्रश्न याच गोळीबद्दल विचारला होता, तो मी विसरलेलो नाही.

हे वाचून कुणाला वाटेल की मी या आहाराच्या विरोधात आहे. उलट आहे. डॉक्टरांच्या देखरेखीखाली मी तो पुन्हा सुरू केला आणि आजही तसाच जेवतो. माझं तीन महिन्यांच्या सरासरीचं एचबीए१सी ८.४ होतं, दहा महिन्यांनी ६.३ आलं. वजन नऊ किलो उतरलं. आणि हे काही नवीन खूळ नाही. १९२२ साली टोरांटोत पहिल्यांदा एका चौदा वर्षांच्या मुलाला इन्सुलिन दिलं गेलं. त्याआधी मधुमेह्याचं खाणं, विशेषतः पीठ-साखर, तोडणं एवढाच उपाय डॉक्टरांच्या हातात होता. अमेरिकेतल्या मधुमेह संघटनेनेही २०१९ च्या आपल्या अहवालात मान्य केलं आहे की, रक्तातली साखर आटोक्यात आणायला एकूण कर्बोदकं, म्हणजे पीठ-साखरेचा भाग, कमी करणं या उपायामागे सर्वांत जास्त पुरावा आहे. एवढा परिणाम करणारी गोष्ट आहे, म्हणूनच तिला औषधाइतक्या गांभीर्याने घ्या असं माझं म्हणणं आहे.

आता रोजच्या जगण्याबद्दल. लेखात यादी असते, दिवस नसतो.

पहिल्या आठवड्यात माझं वजन तीन किलो उतरलं आणि मी हरखून गेलो. ती चरबी नव्हती. यकृतात आणि स्नायूंत मिळून साधारण पाचशे ग्रॅम ग्लायकोजेन, म्हणजे शरीराने साठवून ठेवलेली साखर, असतं आणि त्याच्या दर ग्रॅमबरोबर सुमारे तीन ग्रॅम पाणी धरून ठेवलेलं असतं. पीठ बंद झालं की हा साठा वापरला जातो आणि पाणी निघून जातं. शिवाय इन्सुलिन उतरलं की मूत्रपिंडं मीठ जास्त सोडतात. डोकं दुखणं, अंग मोडून येणं, पायात गोळे येणं हे सगळं त्यातूनच. लोक घाबरून सोडून देतात ते याच आठवड्यात. पुढे एका लग्नात मी सगळं जेवलो आणि दुसऱ्या दिवशी काटा दीड किलो वर गेला. तेही पाणीच. तेव्हापासून मी गिऱ्हाइकांना सांगतो, आहार सुरू करून पंधरा दिवसही झाले नसतील तर पॅन्ट आत घ्यायला आणू नका. आणि पुढेही आणलीत तर मी आतलं जादा कापड कापणार नाही, तेवढी माया तशीच ठेवीन.

दोन आठवडे मी सगळं वजनकाट्यावर मोजलं. मोजल्याशिवाय कात्री लावायची सवयच नाही हाताला. वाटीभर नव्हे, कपभर शिजलेल्या भातात ४५ ग्रॅमच्या आसपास कर्बोदकं असतात. मध्यम बटाट्यात ३० च्या जवळपास, एका केळ्यात २७, सफरचंदात २५, ब्रेडच्या एका कापात १३ ते १५, कपभर दुधात १२. उकडलेल्या अंड्यात एक ग्रॅमसुद्धा नाही. दिवसाला १३० ग्रॅमच्या खाली राहिलं तर त्याला लो-कार्ब म्हणतात आणि २० ते ५० वर आणलं तर तो कीटो. मी नव्वद-शंभरवर थांबलो. पन्नासवर महिनाभर राहून पाहिलं, साखर छान राहिली, पण मी चिडका झालो आणि बद्धकोष्ठाने हैराण झालो. धान्याबरोबर चोथाही गेला होता, हे लक्षात यायला वेळ लागला. आता पालक, कोबी, फ्लॉवर, फरसबी यांनी अर्धं ताट भरतो आणि मगच बाकीचं वाढून घेतो.

सगळ्यात जास्त भार माझ्यावर पडला नाही, माझ्या पत्नीवर पडला. पहिले तीन महिने ती दोन स्वयंपाक करत होती. घरातल्यांचा एक, माझा एक. मी कौतुक ऐकत होतो, "किती निग्रह आहे हो तुमचा!" आणि ती दुसरी कढई घासत होती. एका रात्री ती म्हणाली, "अहो, तुमच्या आहारात माझी पाठ धरलेली दिसत नाही कुठे." मला फार लागलं ते. दुसऱ्या दिवसापासून सकाळची अंडी आणि भाज्या मी करतो. आता घरात एकच स्वयंपाक होतो. भाजी, अंडी किंवा मासे, डाळ सगळ्यांना सारखी, भात एका भांड्यात वेगळा, ज्याला हवा त्याने घ्यावा. आहारावर लिहिणाऱ्यांनी हे जरूर लिहावं की ज्या घरात एक माणूस आहार बदलतो त्या घरात राबणारे हात कुणाचे असतात.

डाळ म्हटलं, म्हणून त्या अश्मयुगाबद्दल. तुमच्या लेखात डाळी वर्ज्य आहेत, कारण म्हणे आपले पूर्वज त्या खात नव्हते. हे तितकंसं खरं नाही. माझी मुलगी पुरातत्त्व शिकते, तिने मला वाचून दाखवलं. इराकमधल्या शानिदार गुहेतल्या निअँडरथल या प्राचीन जातीच्या माणसाच्या दातांवरच्या किटणात रानटी बार्लीच्या जातीचं शिजवलेलं पीठ आणि कडधान्याच्या कुळातल्या बियांचे पिष्टकण सापडले आहेत. इस्राएलमध्ये गॅलिलीच्या सरोवराकाठी २३ हजार वर्षांपूर्वीच्या वस्तीत दळणाच्या दगडावर रानटी धान्याचं पीठ मिळालं. जॉर्डनमध्ये तर शेती सुरू होण्याच्या कितीतरी आधीचे, १४ हजार ४०० वर्षांपूर्वीचे भाकरीसारख्या रोटाचे जळके तुकडे सापडले, आणि तो निकाल २०१८ साली प्रसिद्ध झाला. माणूस जिथे राहिला तिथलं जे मिळेल ते खात आला. पूर्वजांच्या नावाने डाळीची वाटी हिरावून घेऊ नये. मी ती परत सुरू केली, जेवणानंतर दोन तासांनी साखर मोजली आणि भातापेक्षा ती कितीतरी कमी चढते हे माझ्या वहीत लिहिलेलं आहे. दहीसुद्धा खातो. त्या पद्धतीतलं मी मनापासून घेतलं ते एवढंच, की पुडक्यातलं, बाटलीतलं, गोड घातलेलं आणि मैद्याचं घरात आणायचं नाही.

वजनासाठी हा एकच रामबाण, असा लेखाचा सूर आहे, तोही मला पटला नाही. स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या संशोधकांनी ६०९ जणांना वर्षभर पाहिलं. निम्मे कमी चरबीवर, निम्मे कमी कर्बोदकांवर. २०१८ च्या निकालात एका गटाचं सरासरी ५.३ किलो उतरलं, दुसऱ्याचं ६ किलो, म्हणजे म्हणण्यासारखा फरक नाही. प्रत्येक गटात काहींचं भरपूर उतरलं आणि काहींचं चक्क वाढलं. दोन्ही गटांना साखर आणि मैदा कमी करून भाज्या वाढवायला सांगितलं होतं. ज्यांना भातावाचून चैन पडत नाही त्यांनी स्वतःला अपराधी मानू नये.

रक्तातल्या चरबीचंही सांगतो. सहा महिन्यांनी माझं एलडीएल, म्हणजे वाईट म्हणतात ते कोलेस्टेरॉल, ११२ वरून १५८ झालं होतं. मी लोणी आणि चरबीचं मांस हातचं राखत नव्हतो, त्या मासिकातल्या लेखात "मनसोक्त" असा शब्द होता. काहींचं असं वाढतं, हे कुणी सांगितलंच नव्हतं. लोण्याच्या जागी वनस्पतींचं तेल, बदाम-अक्रोड, मांसाच्या जागी मासे असं केल्यावर पुढच्या तपासणीत ते १२१ वर आलं.

संपादक महोदय, असे लेख छापूच नका असं मी म्हणत नाही. मला त्याचा फायदा झाला आहे. विनंती एवढीच की लेखाच्या वर, शेवटी बारीक अक्षरात नव्हे, एक चौकट द्या. इन्सुलिन, साखर उतरवणाऱ्या गोळ्या किंवा रक्तदाबाचं औषध चालू असेल, मूत्रपिंडाचा आजार असेल, गर्भारपण असेल, तर डॉक्टरांशी बोलल्याशिवाय सुरू करू नका, एवढं त्यात असावं. चार ओळी होतील. तुमचा वाचक तुमच्यावर विश्वास ठेवून कात्रण खिशात घालून फिरतो, हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे.

त्या गिऱ्हाइकाला मी घरी फोन लावायला सांगितला आणि गोळ्यांच्या पाकिटावरचं नाव वाचून घ्यायला लावलं. डापाग्लिफ्लोझिन होती. मी त्यांचं माप घेतलं नाही. म्हटलं, आधी डॉक्टरांना भेटा, मग या. कापड माझ्या फळीवर तसंच घडी घालून ठेवलं आहे. काल त्यांचा फोन आला, डॉक्टरांनी शनिवारची वेळ दिली आहे.

आपला,
एक शिंपी
(नाव छापू नये, ही विनंती)